लहान होडी, हलकी काठी आणि ब्लूगिल : मिशिगनच्या तळ्यांवरचं फ्लाय फिशिंग

ह्युरॉनकाठ :
डेट्रॉइटच्या आसपासच्या मराठी मंडळींत मासेमारीचा विषय निघाला की गप्पा दोनच वाटांनी जातात. एक तर गावाकडच्या खाडीच्या आठवणी. नाहीतर उत्तरेला ओ सेबल नदीवर ट्राउटसाठी जायचं तर काय काय विकत घ्यावं लागेल, याचा हिशेब. घरापासून वीस मिनिटांवरच्या तळ्यात ब्लूगिल आहे, हे कुणाच्या खिजगणतीतही नसतं. म्हणून हा धागा.

मिशिगनमध्ये पाच एकरांहून मोठी तळीच अकरा हजारांच्या वर आहेत आणि राज्याच्या दक्षिण भागातल्या बहुतेक तळ्यांत हा मासा सापडतो. तळहाताएवढा, चपटा, अंगावर उभे पट्टे, कल्ल्याच्या झाकणाला मागे काळा कान, पाठीच्या पराच्या शेवटाला एक काळसर डाग. मे-जूनमध्ये नराची छाती तांबूस-नारिंगी होते, तेव्हा तो फारच देखणा दिसतो. तोंड मात्र एवढंसं. या एवढ्याशा तोंडामुळे पुढचं सगळं ठरतं : फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेला खोटा किडा, लहान हवी, दहा किंवा बारा नंबरच्या गळावरची (नंबर जितका मोठा, गळ तितका लहान). आठ नंबर चालतो, पण मग मासा त्या किड्याचे रबराचे पाय ओढून बघतो आणि गळाला लागत नाही.

ज्यांनी फ्लाय फिशिंग कधी केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीच्या गळाला वजन असतं, ते दोरीला ओढत नेतं. इथे फ्लायला वजनच नाही, वजन दोरीला आहे. ती जाड दोरी मागे-पुढे झुलवून सोडायची (हेच कास्ट), फ्लाय तिच्या मागून जाते. ब्लूगिलसाठी चार-वेटची, म्हणजे हलक्या दोरीची काठी, तरंगणारी दोरी, साडेसात फुटांचा निमुळता लीडर, म्हणजे दोरी आणि फ्लाय यांच्यामधला बारीक धागा, आणि त्याच्या टोकाला फोर-एक्स या बारीक जाडीचा धागा, एवढ्यावर भागतं. रीळ कुठलंही चालेल. हा मासा रीळमधून दोरी पळवत नाही, हातानेच ओढून घेता येतो.

होडीबद्दल जरा सविस्तर लिहितो. काठीवर लोक पानंच्या पानं लिहितात आणि होडीवर दोन ओळी. माझ्या मते प्रमाण उलटं हवं. माझी बारा फुटी, सपाट बुडाची अ‍ॅल्युमिनियमची जॉन बोट आहे. कनू किंवा कयाकही चालेल. पण होडी कुठलीही असो, सर्वांत कामाचं हत्यार म्हणजे नांगर, आणि तेही दोन. एकाच नांगरावर उभी केलेली होडी वाऱ्याबरोबर झुलत राहते. आत्ता समोर असलेली कमळाची पानं पाच मिनिटांनी खांद्यामागे जातात. त्याहून वाईट म्हणजे होडी सरकली की दोरी ओढली जाते आणि पाण्यावरची फ्लाय मागे रेघ काढत निघते. खरा किडा असा चालत नाही, आणि ब्लूगिलला ते कळतं.

म्हणून वाऱ्याच्या वरच्या अंगाने यायचं, पानांच्या कडेपासून तीस-पस्तीस फुटांवर थांबायचं आणि पुढून एक, मागून एक असे दोन्ही नांगर हळूच सोडायचे. सोडायचे म्हणजे दोर हातात धरून उतरवायचे, धपकन टाकायचे नाहीत. अ‍ॅल्युमिनियमच्या बुडावर डबा सरकला तरी तो आवाज पाण्यात दूरवर जातो, म्हणून तळाला जुन्या गालिच्याचा तुकडा अंथरलेला बरा. त्याने आणखी एक सोय होते : मोकळी दोरी पायाशी पडते तेव्हा अडकायला काही राहत नाही. नाहीतर बुटाची नाडी, वल्ह्याची खुंटी, पाण्याची बाटली, दोरीला काहीही पुरतं.

कास्ट बसूनच करायचं. बसून दोरी मागे पाण्यावर आपटते अशी तक्रार असते. त्यावर उपाय म्हणजे लांब कास्टचा मोह सोडणं. तीस फूट पुष्कळ झाले. दोघं असाल तर एकाने टाकावं, दुसऱ्याने वल्हं सांभाळावं आणि दोघांनीही चष्मा लावावा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करून ठेवावा. मासा सोडायला सोपं जातं आणि मित्राच्या कानातून काढायलाही.

आता फ्लाय. वरच्या पाण्यात माझा भर फोमच्या कोळ्यावर, म्हणजे रबरी पाय लावलेल्या तरंगत्या किड्यावर, नाहीतर अगदी लहान पॉपरवर, म्हणजे ओढल्यावर पाण्यावर आवाज करणाऱ्या तरंगत्या फ्लायवर. तो पानांच्या फटीत पडला की पाण्यावर वलयं उठतात. ती विरेपर्यंत काहीही करायचं नाही. मग दोरीला अगदी बारीक झटका. पुन्हा थांबायचं. ब्लूगिल खालून येतो, फ्लायच्या चार बोटं खाली थबकतो आणि निरखतो. स्वच्छ पाण्यात हे सगळं दिसतं आणि तिथेच हात शिवशिवतो. तो झडप घालत नाही. तोंड उघडून पाण्यासकट आत ओढून घेतो, वर फक्त ‘पुच्’ असा आवाज येतो. झटका मारायचा नाही, काठी नुसती उचलायची. लागला की तो आपलं चपटं अंग ओढीला आडवं धरतो आणि गोल-गोल फिरतो. तळहाताएवढा मासा चार-वेटची काठी कशी वाकवतो, ते त्या वेळी कळतं.

हंगाम मेच्या मध्यापासून. पाणी ६७-७० फॅरनहाइटपर्यंत तापलं की नर उथळ पाण्यात, वाळू-गोट्यांच्या तळावर अंड्यांसाठी शेपटीने ताटाएवढे खळगे करतात. एकाला लागून एक, कधी कधी पन्नास-पन्नास. तिथे मासे मिळणं सोपं असतं. किती सोपं असावं, यावर माझं मत आहे, पण ते विचाराल तेव्हा.

मालवणी_तिखट :
वाचलं, छान लिहिलंय. पण खरं सांगू? तळहाताएवढ्या माशासाठी दोन नांगर, चष्मा, गालिचा! आम्ही कर्लीच्या खाडीवर गरवायला बसायचो तेव्हा एक दोरी, एक गरी आणि कोलंबीचं डोकं, बस्स. चवीचं एक अक्षर लिहिलं नाहीत. मासा खातात की नुसता बघून सोडतात?

ह्युरॉनकाठ :
@मालवणी_तिखट, हा प्रश्न येणारच होता :)
खातात, आणि आवडीने खातात. मांस पांढरं, घट्ट, किंचित गोडसर. इथले लोक कातडी काढून दोन बाजूंचे दोन तुकडे काढतात आणि मक्याच्या पिठात तळतात. आमच्याकडे खवले काढून, अख्ख्याला चिरा देऊन, हळद-तिखट-कोकमाचं आगळ लावून रव्यात. गोड्या पाण्यातला असल्यामुळे मीठ जरा सढळ लागतं. राज्याची मर्यादा माणशी दिवसाला सनफिश जातीचे (ब्लूगिल त्यातलाच) सगळे मिळून २५. चौघांच्या घराला आठ-दहा पुरतात.

पण कुठल्या तळ्यातला, हे बघूनच. केन्सिंग्टन मेट्रोपार्कचं केंट लेक आपल्या लोकांना जवळचं, सहलीला सगळे तिथेच. २०१८ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याने ह्युरॉन नदीवर, केंट लेकसकट, मासे खाऊ नका असा इशारा दिला, कारण माशांत पीएफओएस हे रसायन सापडलं. पीएफएएस म्हणून जो गट बातम्यांत येतो त्यातलंच ते एक. शिजवून, तळून ते जात नाही. धरून सोडायला हरकत नाही. खायचं असेल तर त्या तळ्याचं नाव राज्याच्या ‘ईट सेफ फिश’ पुस्तिकेत आधी बघा. ती वेळोवेळी बदलते, मित्राने सांगितलं म्हणून जाऊ नका.

रेवती_म :
माझ्या मुलाला (वय ९) हे भयंकर आवडेल असं दिसतंय. दोन प्रश्न. मुलांना लायसन्स लागतं का? आणि होडीत बसवून लगेच फ्लाय रॉड हातात देणं शहाणपणाचं आहे का? आमचा मुलगा जेवताना खुर्चीत दोन मिनिटं स्थिर बसत नाही.

ह्युरॉनकाठ :
रेवतीताई, मिशिगनात १७ वर्षांखाली लायसन्स लागत नाही. पण मुलाला मदत करणाऱ्या मोठ्या माणसाकडे स्वतःचं हवं. म्हणजे काठी त्याची आणि मासा तुम्ही ओढताय, असं असेल तर तुमचं लायसन्स काढा. होडीत माणशी एक लाइफ जॅकेट असलंच पाहिजे. सहा वर्षांखालच्या मुलांनी ते अंगात घातलेलं असणं कायद्याने सक्तीचं आहे. नऊ वर्षांच्यालाही घालाच, आणि तुम्हीही घाला. मेच्या सुरुवातीला ऊन छान असतं, पाणी मात्र हात बधिर करणारं.

पहिल्या दिवशी होडी नको. धक्क्यावर उभं राहून शिकू दे, धक्क्याच्या सावलीत लहान ब्लूगिल असतातच. तिथे कास्ट करायचीही गरज नसते, काठीभर लांब दोरी सोडली तरी मासा येतो. मासा हातात घेताना डोक्याकडून शेपटीकडे हात सरकवायचा, म्हणजे पाठीचे काटे आडवे पडतात. उलट धरलं तर टोचतात आणि मुलाचा त्या दिवसाचा उत्साह संपतो. गळ काढायला लांब टोकाचा चिमटा ठेवा.

शिंगाडा :
मूळ लेखात ‘माझं मत आहे पण विचाराल तेव्हा’ म्हणून सोडून दिलंय. विचारतो. जूनमध्ये खळग्यांवर बसलेले नर धरणं बरोबर आहे का? आमच्या विस्कॉन्सिनच्या तळ्यावर दर वर्षी होड्यांची रांग लागते. बादल्या भरतात. आता त्या तळ्यात पाच इंचाच्या वर मासा दिसत नाही. लोक म्हणतात, मासे फार झाले म्हणून लहान राहिले, अजून काढा!

ह्युरॉनकाठ :
विचारलंत ते बरं केलंत. माझं मत : धरायला हरकत नाही, पण मोठे तांबड्या छातीचे नर परत सोडावेत, तेही त्याच जागी आणि लगेच. खायचेच असतील तर सहा-सात इंचाचे ठेवा.

कारण असं. अंडी घालून मादी निघून जाते. राखण नर करतो. शेपटीने वारा घालून अंड्यांवरचा गाळ उडवतो, लहान मासे आणि गोगलगायी हाकलतो. नर उचलला की काही मिनिटांत तिथे शेजारचे मासे जेवायला बसतात. हा झाला त्या वर्षीचा तोटा. खरा तोटा पुढचा आहे. मोठे नर आसपास असले की तरुण नर वयात यायची घाई करत नाहीत, आधी वाढतात, कारण लहान अंगाने चांगली जागा मिळणार नसते. मोठे काढून टाकले की लहानांना मैदान मोकळं. ते लवकर वयात येतात, ताकद वाढीऐवजी प्रजननात जाते, आणि तळं पाच इंचावर थांबतं. शिंगाडाभाऊ, तुमच्या तळ्याचं हेच झालं असेल. मिशिगनच्या थंड पाण्यात आठ इंची ब्लूगिल व्हायला साधारण सात वर्षं लागतात. दोन रविवारांत काढलेले मासे भरून यायला किती वेळ लागेल, ते बघा.

शिंगाडा :
सहमत. पण अर्धीच गोष्ट सांगितलीत. सगळेच नर राखण करत नाहीत. ओंटारिओतल्या ओपिनिकॉन तळ्यावर यावर वर्षानुवर्षं काम झालंय. काही नर दोन-तीन वर्षांचे असतानाच वयात येतात, घर बांधतच नाहीत. गवतात लपून बसतात, जोडी रंगात आली की मध्ये घुसून आपलं बीज टाकून पसार. थोडे मोठे झाले की मादीसारखा रंग आणि चालीने राखणदाराच्या नाकावर टिच्चून आत शिरतात. बिचारा राखणदार त्यांचीही पोरं सांभाळतो. राखण करणारा नर त्या तळ्यात सात वर्षांच्या आसपास वयात येतो. म्हणजे बादलीत जातात ते कष्टकरी, आणि मागे उरतात हे फुकटे.

मालवणी_तिखट :
हे तर आमच्या गृहनिर्माण संस्थेचं वर्णन झालं.

बिवाकाठी :
मी जपानमध्ये शिगा प्रांतात राहते, बिवा सरोवराजवळ. तुमची ‘सोडा की ठेवा’ ही चर्चा वाचून गंमत वाटली, कारण इथे ब्लूगिल धरला तर परत सोडायलाच बंदी आहे. शिगाचा तसा नियम २००३ पासून आहे. काठावर मोठे डबे ठेवलेत, धरलेला ब्लूगिल किंवा बास (हाही अमेरिकेतून आलेला, दुसरे मासे खाणारा मासा) त्यात टाकायचा. जिवंत नेणं-पाळणं देशभरच बेकायदा आहे.

तो इथे आला कसा, ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे. १९६० मध्ये त्या वेळचे युवराज अकिहितो शिकागोला गेले होते, तेव्हा तिथले महापौर रिचर्ड डेली यांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. इलिनॉयचा आज तो राज्यमासा आहे. युवराजांनी ते मत्स्यसंशोधनाला दिले, खाण्यासाठी वाढवता येतील म्हणून. तिथून ते सुटले-पसरले आणि बिवामधल्या स्थानिक माशांची अंडी-पिल्लं खाऊ लागले. पुढे डीएनए तपासून त्यांचं मूळ मिसिसिपीच्या काठावरच्या आयोवातल्या गटनबर्गला असल्याचं दाखवलं गेलं. अकिहितो स्वतः माशांचे अभ्यासक, खरब्या जातीच्या, म्हणजे गोबी माशांवर त्यांचे शोधनिबंध आहेत. २००७ मध्ये ओत्सु इथे बोलताना, सम्राट असताना, त्यांनी या गोष्टीबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. इथे वयस्कर माणसांना ती अजून आठवते.

फ्लायवर इथेही लागतो, अगदी तुम्ही लिहिलंय तसाच ‘पुच्’. फक्त पुढचं वेगळं.

ह्युरॉनकाठ :
@बिवाकाठी, हे सोडायची बंदी आहे ते मला माहीत होतं, काठावरच्या डब्यांचं नव्हतं. इथे आमच्याकडे सोडणं हा सभ्यपणा, तिथे तो गुन्हा, आणि दोन्ही ठिकाणी बरोबरच. यात भर म्हणून : आम्हालाही उलट्या दिशेची काळजी आहे. मिशिगनात २०१९ पासून तळ्यातून होडी काढली की बुडाचं बूच काढून पाणी सांडल्याशिवाय रस्त्यावर न्यायची नाही, असा नियम आहे. एका तळ्यातलं शेवाळ, शिंपले, रोग दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. नांगराच्या दोराला चिकटलेल्या वनस्पती सगळ्यांत जास्त नजरेतून सुटतात. तेवढ्या झटका.

चकवा :
जुलै-ऑगस्टमध्ये काय? मी मागच्या उन्हाळ्यात दुपारी गेलो, काठाला सगळे बोटभर मासे. मोठा एकही नाही. पाणी गरम म्हणून मेले की काय!

ह्युरॉनकाठ :
मेले नाहीत, बाहेर गेले. यावर आमच्याच राज्यात, मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या केलॉग बायोलॉजिकल स्टेशनच्या डबक्यांत सुंदर प्रयोग झाले आहेत. डबकं मधोमध विभागायचं, एका बाजूला बास सोडायचे, दुसऱ्या बाजूला नाही. बास असलेल्या बाजूचे लहान ब्लूगिल गवतात दडून राहिले, खायला कमी मिळत होतं तरी, आणि त्यामुळे त्यांची वाढ मंदावली. मोठ्या ब्लूगिलला बास गिळू शकत नाही, तो बिनधास्त मोकळ्यावर जातो, जिथे डॅफ्निया म्हणजे पाण्यातले बारीक पिसू भरपूर असतात. तुम्हाला काठाला दिसले ते दडून बसलेले. मोठे तुमच्या पाठीमागे खोल पाण्यात होते.

तर उन्हाळ्यात दुपारी होडी गवताच्या बाहेरच्या कडेवर लावा, दहा-पंधरा फूट पाणी असेल तिथे. तरंगती फ्लाय बाजूला ठेवा. बारा नंबरची हेअर्स इअर निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या किड्याच्या अळीसारखी बुडणारी फ्लाय, थोडं वजन बांधलेली, टाकायची आणि मनात मोजायचं. पाचपर्यंत मोजून हळू ओढा. काही नाही? पुढच्या वेळी आठ, मग बारा. ज्या आकड्यावर मासा लागला तो लक्षात ठेवा, कारण बाकीचे त्याच खोलीवर थव्याने असतात. दोरीचं टोक बघत राहायचं. ओढ जाणवतेच असं नाही, टोक जागीच अडल्यासारखं वाटतं. सूर्य कलला की पुन्हा पानांकडे या, तेही येतात.

उजनीकाठचा :
मी भिगवणजवळचा. आमच्याकडे उजनीत चिलापी (तिलापिया) उदंड. फ्लाय रॉड एका पाहुण्याने दिलाय, घरात धूळ खात पडलाय. वरच्या फोमच्या किड्याला चिलापी ढुंकून बघत नाही. पीठ लावलं की लगेच लागते. तुमचं हे तंत्र इकडे चालेल का, की उगाच हात दुखवून घ्यायचे?

शिंगाडा :
चिलापी मुख्यतः शेवाळ आणि कुजका पाला खाते, म्हणून वरच्या किड्यावर येत नसेल. पण निम्फवर येते, हळू चालवली तर. मजा म्हणजे तिचाही नर ब्लूगिलसारखाच तळाला खळगा करतो. मात्र राखणीची पद्धत वेगळी : मोझांबिक तिलापियाची मादी अंडी तोंडात धरून फिरते. १९५२ मध्ये भारतात आणलेली जात ती, म्हणजे पाहुणीच. ती ठेवायला मनात किंतु नको.

ह्युरॉनकाठ :
@उजनीकाठचा, हात दुखणार नाहीत. चौदा नंबरचा गळ, त्यावर हिरव्या लोकरीचा बारीक गुंडाळा, शेवाळाच्या रंगाचा, वजन जवळजवळ नाही. गुडघाभर ते कंबरभर पाण्यात खळग्यांच्या कडेला टाका आणि ओढू नका, आपोआप बुडू द्या. टोक हललं की काठी उचला. धरणावर मासेमारीचे ठेके असतात, तेव्हा आधी तिथल्या सोसायटीला विचारून घ्या. आणि होडी मिळाली तर दोन दगड दोराला बांधून न्या, पुढे एक, मागे एक. मे महिन्यात तिथे वारा कुठल्या बाजूने असतो?

उजनीकाठचा :
दुपारनंतर पश्चिमेकडून, आणि जोरात. दगड मोठेच लागतील. रविवारी मेव्हण्याची होडी आहे, बघतो.